मिरीचा एक दाणा

बेक्सहिल. मार्टेलो कोर्ट, दुसरा मजला, फ्लॅट अकरा.
दार उघडता उघडता ती म्हणाली,
"पाय पुसून या. गालिचा माझा आहे, जमीन त्यांची."

त्यांची म्हणजे एका कंपनीची,
जिचा पत्ता जर्सी बेटावरची एक टपालपेटी.

मी सर्व्हेअर. लेसर भिंतीला लावतो,
लाल ठिपका समोरच्या घड्याळाखाली थांबतो:
तीन मीटर ऐंशी.
"रेगची साडेपाच पावलं," मिसेस पार्ट्रिज म्हणते.
"तुमचं यंत्र बरोबर आहे."

घेतला तेव्हा लीजमध्ये एकशे सोळा वर्षं होती.
तो बसचे ब्रेक दुरुस्त करायचा, ती शाळेत जेवण वाढायची.
सॉलिसिटरच्या जिन्यात दोघं हसली होती:
एकशे सोळा! म्हणजे कायमचंच की.
वर्षं साखरेच्या डब्यासारखी असतात.
उचलताना हात हलका लागला
की कळतं.

स्वयंपाकघरात निळ्या टाइल्स. एक्क्याण्णवच्या उन्हाळ्यात
सुट्टी काढून त्याने स्वतः बसवलेल्या.
नळामागची एक उलटी आहे, होडीचं शीड खाली.
"या मला दिसत नाहीत," मी सांगतो,
"म्हणजे दिसतात, पण धरायच्या नाहीत.
राहणाऱ्याने केलेली सुधारणा किमतीतून वगळायची,
असा कायदा आहे."
"चांगला आहे कायदा," ती म्हणते.
चांगला म्हणताना टाइलवरचा डाग नखाने खरवडते.

मग तो शब्द. दरवेळी तो मी जरा घाईत म्हणतो.
ऐंशी वर्षांच्या खाली गेलं की एक रक्कम वाढते,
विवाहमूल्य म्हणतात तिला.
"कुणाचा विवाह?"
तुमच्या लीजचा, त्यांच्या जमिनीशी.
दोन्ही हक्क जुळले की एकूण किंमत वाढते,
त्या वाढीतला निम्मा वाटा त्यांचा.
"आणि ऐंशीच्या खाली गेलं कधी?"
पंचवीस मार्चला.

किटली उकळून बंद झाली होती. तिने परत चालू केली.

रेग गेला एकोणीस तारखेला.
पंचवीसला अंत्यविधी. चॅपलमध्ये चारच माणसं,
खुर्च्या लांब लांब.
नोटिशीचा कागद भरून तयार होता, फक्त सही राहिलेली,
त्याच्या कोटाच्या आतल्या खिशात.
मे महिन्यात कोट दान करताना सापडला.

"म्हणजे माझा संपला," ती म्हणाली,
"आणि त्याच आठवड्यात यांनी मांडव घातला."

माझ्या फॉर्ममध्ये याला रकाना नाही.
मी गरम पाण्याची टाकी तपासली. खिडक्या मोजल्या.

एकोणऐंशी अधिक नव्वद. एकशे एकोणसत्तर.
आकडा ऐकून ती खुर्चीत बसली आणि पोट धरून हसली.
"विकायचाय मला. स्वॉन्झीला बहिणीकडे जाईन.
थोडी वर्षं उरलेल्या घरावर बँक कर्ज देत नाही म्हणे.
बरंय, बायकांना कोणी कर्ज देताना
हे विचारत नव्हतं."

"आणि भाडं?"
इथून पुढे वर्षाला मिरीचा एक दाणा.
तोही मागितला तर.
"खरंच लिहिलेलं असतं असं?"
खरंच. कागदावर शून्य लिहायला वकील घाबरतात.
"सदतीस वर्षं डोक्यावर मिऱ्या वाटल्या यांनी,"
ती उठली, "आणि आता एक दाणा."

फडताळातून बरणी काढली, तळहातावर एक ओतला,
खिडकीपाशी नेऊन उजेडात पाहिला, सुरकुतलेला, काळा.
"मागायला येणार कोण?"
कोणी नाही.
तिने तो सूपमध्ये टाकला.

गाडीत बसून मी अहवाल लिहिला:
स्वयंपाकघर मूळचं, साधं, सुधारणा नाही.
विवाहमूल्य अकरा हजार चारशे पौंड, निम्मे मालकाचे.
बोटांना कांद्याच्या पातीचा वास येत होता.
समोर भरती होती
की ओहोटी, मला अजून या गावात ओळखता येत नाही.